नागपुरात शॉर्ट फिल्मचं शेड्यूल कसं लावायचं: पहिल्यांदाच शूट करणाऱ्यांसाठी

कॉलेजातल्या पोरांनी शॉर्ट फिल्म करायची ठरवली की पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते. कोणता आणायचा, भाडं किती, लेन्स कोणाकडे आहे. शेड्यूलचा विषय निघतो शूटच्या आदल्या रात्री, आणि तोही ‘उद्या सकाळी सातला सगळे बर्डीला भेटू’ एवढ्यावर मिटतो. सातचे साडेआठ होतात, लोकेशनवर पोचेपर्यंत दहा वाजतात, आणि स्क्रिप्टमध्ये ‘कोवळं ऊन’ लिहिलेला सीन भर उन्हात उरकावा लागतो.

शेड्यूल लावायची रीत फार अवघड नाही. जे आपल्या हातात नाही ते कागदावर आधी लिहायचं: सूर्य, ऋतू, दुसऱ्याचं घर, नोकरी करणारा कलाकार, कोणाच्या तरी सहीची परवानगी. हे सगळं जागच्या जागी बसलं की उरलेल्या जागेत आपले सीन बसवायचे. नवखे लोक नेमकं उलटं करतात. स्क्रिप्टच्या क्रमानं सीन एक, सीन दोन असे दिवस पाडतात आणि मग सूर्यानं, कलाकारांनी आणि पोलिसांनी त्याप्रमाणे वागावं अशी अपेक्षा धरतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक फिल्म गृहीत धरू. नागपूरच्या महाल भागातला एक मुलगा आपल्या आईला स्कूटी शिकवतो, एवढीच गोष्ट. आठ पानांची स्क्रिप्ट, अकरा सीन. पाच सीन घरात, तीन मैदानावर, दोन गल्लीत आणि एक फुटाळा तलावावर संध्याकाळी. पुढचे सगळे हिशेब हिच्यावरच करू.

आधी महिना

तारीख ठरवण्याआधी महिना ठरवा. पुण्या-मुंबईच्या मुलांना एवढा विचार करावा लागत नाही, आपल्याला करावा लागतो.

एप्रिल, मे आणि जूनचे पहिले दिवस म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर अकरा ते पाच बाहेरचं शूट ठेवूच नका. माणसांचं सोडा, कॅमेरासुद्धा तापून बंद पडतो. ‘मग दुपारी घरातले सीन करू’ असं वाटतं, आणि तिथे कूलर आडवा येतो. नागपूरच्या घरात मे महिन्यात कूलर चालू असेल तर आवाज रेकॉर्ड होत नाही आणि बंद केला तर पंधरा मिनिटांत खोलीची भट्टी होते. लाइट लावल्यावर विचारूच नका. उन्हाळ्यात शूट करणं भागच असेल तर संवाद नसलेले शॉट कूलर चालू ठेवून काढा, संवादाचे शॉट एका गठ्ठ्यात घ्या, आणि दर दोन-तीन टेकनंतर कूलर लावून दहा मिनिटं थांबायचं हे शेड्यूलमध्येच लिहून ठेवा. ती दहा मिनिटं लिहिली नाहीत तरी जाणारच आहेत.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ढगाळ उजेड चेहऱ्यांना फार छान असतो, सावल्या मऊ पडतात. पण सीनच्या अर्ध्यात रस्ता ओला झाला की कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, गेली. पावसाळ्यात बाहेरच्या प्रत्येक दिवसाला घरातला एखादा सीन जोडून ठेवतात, त्याला कव्हर सेट म्हणतात. पाऊस आला की सगळं उचलून आत जायचं. त्यासाठी आतला कलाकार आणि त्याचे कपडेही त्या दिवशी हाताशी लागतात, हे बरेच जण विसरतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा शूटिंगचा हंगाम. पण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स, बर्डी, मोर्च्यांचे रस्ते, सगळीकडे बॅरिकेड आणि बंदोबस्त. पोलीस ठाण्यात तुमचा अर्ज घ्यायलाही कोणाला वेळ नसतो. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की कॅलेंडरवर त्यांच्यावर काट मारा. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते, विद्यापीठाच्या परीक्षा आणि लग्नाच्या तिथी यांवरही खुणा करा. मंगल कार्यालयाच्या शंभर मीटरवर संवादाचा सीन ठेवून बँडवाल्यांशी भांडण्यात अर्थ नाही, त्यांचं बुकिंग तुमच्या आधीचं आहे.

आपली फिल्म डिसेंबरात, अधिवेशन टाळून, शुक्रवार ते रविवार अशी धरू.

मग सूर्य

फोनमधल्या हवामानाच्या ॲपवर सूर्योदय-सूर्यास्त दिसतो, पण शहर नागपूर निवडलं आहे ना ते एकदा बघा. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला आहे. म्हणजे सूर्य आपल्याकडे जवळपास पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मुंबईच्या मित्रानं पाठवलेलं शेड्यूल जसंच्या तसं वापरलं तर संध्याकाळचा सीन अंधारात जाईल.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरचा सूर्योदय साधारण ६.४० ला आणि सूर्यास्त ५.३५ ला. म्हणजे दिवस अकरा तासांपेक्षाही थोडा लहान. मेच्या शेवटी हाच दिवस सव्वातेरा तासांचा असतो, पण त्यातला मधला भाग कामाचा नसतो. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, २६ मेच्या आसपास तर सावली पायाखालीच राहते. अशा उजेडात डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात. डिसेंबरात दुपारचा सूर्यही क्षितिजापासून साधारण पंचेचाळीस अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे हिवाळ्यात दुपारी बारालाही नागपुरात बऱ्यापैकी शूट होतं.

हेच घरालाही लागू. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतं. मे-जूनमध्ये त्याच खिडकीतून ऊन आत येत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहून ठेवलेलं काकांचं घर डिसेंबरात शूटला घेत असाल तर पुन्हा जाऊन पाहा. उजेड पार वेगळा असेल.

आता फुटाळ्याचा सीन. सोनेरी उजेड म्हणतात तो डिसेंबरात सूर्यास्ताच्या आधी पाऊण तास, त्यातही शेवटचा अर्धा तास खरा. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटं निळसर उजेड राहतो आणि मग संपलं. आपल्या त्या सीनला दिग्दर्शकानं आठ शॉट लिहिले आहेत. एका शॉटला वीस मिनिटं धरली तर आठ शॉटना १६० मिनिटं लागतात, आणि सूर्य ४५ मिनिटं देणार. इथे दिग्दर्शकाशी भांडण करावंच लागतं, आणि ते शूटच्या आधी केलेलं बरं. तोडगा असा: आठाचे पाच शॉट करा. साडेतीनला पोचून तालीम. चार ते पावणेपाच दोन क्लोजअप, कारण जवळच्या शॉटमध्ये आकाश फारसं दिसत नाही आणि रिफ्लेक्टरनं उजेड सांभाळता येतो. पाच ते साडेपाच पाणी आणि आकाश दिसणारे दोन मोठे शॉट. सूर्य गेल्यावर शेवटचा एक, दोघं पाठमोरे. पाच शॉट, आणि एकही धावपळीत नाही.

फुटाळ्याला शनिवार-रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा हा सीन शुक्रवारी.

स्क्रिप्ट फोडा

कागदाचा ताव किंवा एक्सेलची शीट घ्या. प्रत्येक सीनची एक ओळ: सीन क्रमांक, घरात की बाहेर, दिवस की रात्र, लोकेशन, किती पान, कोण कलाकार, कोणते कपडे, कोणत्या वस्तू, आवाज लागतो की नाही. पानं मोजताना प्रत्येक पानाचे आठ भाग करायची पद्धत आहे. अर्धं पान म्हणजे चार अष्टमांश. ढोबळ हिशेबात एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, पण शेड्यूलसाठी पानांपेक्षा शॉट मोजा. ‘आई स्कूटीवरून पडते’ ही एक ओळ असते, आणि ती शूट करायला अर्धी सकाळ जाते.

आपल्या फिल्मचा ताळा असा निघतो. घर: साडेतीन पानं, २४ शॉट. मैदान: दोन पानं, १४ शॉट. गल्ली: दीड पान, ८ शॉट. फुटाळा: एक पान, आता ५ शॉट. एकूण ५१.

वस्तूंच्या रकान्यात स्कूटी लिहाल, हेल्मेटही लिहा. एक की दोन, कोणत्या रंगाचं, कोणाचं, आणि तीन दिवस तो माणूस ते देणार आहे का. पोलिसाचा गणवेश किंवा खेळण्यातलं पिस्तूल गोष्टीत असेल तर त्यावर लाल खूण करा. भर रस्त्यात अशी वस्तू दिसली की गर्दी जमते, कोणीतरी फोन करतं, आणि उरलेला दिवस ठाण्यात समजावण्यात जातो.

रेकी त्याच वारी, त्याच वेळी

रेकीला, म्हणजे शूटआधी लोकेशन बघायला, सगळे हौसेनं जातात, फोटो काढतात, चहा पितात आणि परत येतात. ती रेकी नव्हे. शनिवारी सकाळी सातला शूट असेल तर रेकीही शनिवारी सकाळी सातला करा. मंगळवारी संध्याकाळी रिकामं दिसलेलं मैदान शनिवारी सकाळी क्रिकेटच्या टेनिस बॉलनं भरलेलं असतं. या पोरांना हाकलू नका, हाकलून ती जातही नाहीत. त्यांच्यातल्या मोठ्या पोराशी आधी बोलून एक कोपरा दीड-दोन तास मागून घ्या, आणि मागे गर्दी हवी असेल तर त्यांनाच खेळायला सांगा.

रेकीत डोळ्यांइतकेच कान लागतात. एका जागी वीस मिनिटं गप्प बसा आणि ऐकू येईल ते वेळेसकट लिहा. सकाळची कचरागाडी तिच्या गाण्यासकट किती वाजता येते? आरती, अजान, शाळा सुटण्याची वेळ, समोरची पिठाची गिरणी. सोनेगावच्या बाजूला विमानं, अजनीच्या बाजूला रेल्वे. यातलं काहीच थांबवता येत नाही, पण वेळ माहीत असेल तर त्या दहा मिनिटांत लेन्स बदलून होते.

बाकी पाहायचं ते झटपट: खिडकीचं तोंड कोणत्या दिशेला (फोनमध्ये होकायंत्र असतं), संडास कुठे आहे आणि मुलींना वापरता येईल का, गाडी कुठपर्यंत येते, पाणी कुठे मिळतं. घरात शूट असेल तर विजेचे बोर्ड तपासा. जुन्या घरात एकाच साध्या बोर्डावर ८०० वॅटचे दोन रेडहेड लाइट लावले की वायर तापते किंवा फ्यूज जातो. गिझर नाहीतर एसीचा मोठा प्लग कुठे आहे ते पाहून तिथपर्यंत पुरेल एवढी एक्स्टेन्शन वायर यादीत टाका. एलईडी लाइट मिळत असतील तर ही कटकट बरीच कमी होते.

एका शॉटला किती वेळ?

विद्यार्थ्यांच्या युनिटला सरासरी वीस मिनिटं धरा. त्यात कॅमेरा हलवणं, लाइट सरकवणं, तालीम आणि तीन-चार टेक आले. घरातल्या पहिल्या शॉटच्या आधी दीड तास लाइट लावायला वेगळा. बाहेर अर्धा तास. जेवण पाऊण तास, आणि ते पाऊण तासातच संपतं असं नाही. एका लोकेशनवरून दुसरीकडे जायला गुगल मॅप वीस मिनिटं दाखवत असेल तर दीड तास धरा, कारण सामान गोळा करायचं, गाडीत भरायचं, उतरवायचं आणि मध्येच कोणाला तरी ट्रायपॉडची प्लेट राहिल्याचं आठवायचं.

हा आकडा धरला की खरी परिस्थिती दिसते. मैदानाचे १४ शॉट म्हणजे २८० मिनिटं. डिसेंबरात मैदानावर कोवळा उजेड सात ते साडेनऊ, म्हणजे दीडशे मिनिटं. एका सकाळी सातच शॉट होतील. तेव्हा दोन सकाळी लागणार, आणि त्या दोन्ही सकाळी आईचं काम करणाऱ्या बाई लागणार. एकच सीन दोन सकाळींत तोडू नका, सावल्यांची लांबी जुळता जुळत नाही. एका सकाळी पहिला धडा आणि पडण्याचा सीन, दुसऱ्या सकाळी आई एकटी स्कूटी चालवते तो.

घराचे २४ शॉट एका दिवसात बसवायचा मोह होतो. ४८० मिनिटं शॉट, दीड तास लाइट, पाऊण तास जेवण: सव्वादहा तास होतात. सकाळी मैदान करून आल्यावर हे शक्य नाही. दिवस बारा तासांपेक्षा लांबला की शेवटच्या दोन तासांत निघालेले शॉट एडिटला बसल्यावर फेकावेच लागतात.

दिवस लावा

आता कलाकार. आईचं काम करणाऱ्या काकू हौशी नाटकातल्या आहेत आणि बँकेत नोकरी करतात. शुक्रवारी तीननंतर, शनिवार सुट्टीचा असेल तर पूर्ण, रविवार पूर्ण. त्यांना विचारताना ‘काकू, दोन-तीन दिवस लागतील’ असं मोघम बोलू नका. तारीख, वेळ, कुठे यायचं आणि घरी किती वाजता सोडणार हे एका कागदावर द्या. फुकट काम करणाऱ्या माणसाचा वेळ पैसे घेणाऱ्यापेक्षा जास्त जपायचा असतो. तो एकदा वैतागला की थांबवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

या सगळ्या अटी घातल्या की आपलं शेड्यूल जवळजवळ आपोआप पडतं.

शुक्रवार. काकू तीनपर्यंत नाहीत, म्हणून सकाळी दहा ते दोन घरात मुलाचे एकट्याचे दोन सीन, ६ शॉट. पहिल्या दिवसाची सुरुवातही सोप्या कामानं होते आणि युनिटचा हात बसतो. रडारडीचा किंवा भांडणाचा सीन पहिल्या दिवशी कधीच ठेवू नका. दोनला जेवण, मग फुटाळा, ५ शॉट, सव्वासहाला पॅकअप.

शनिवार. मैदानावर कॉल, म्हणजे यायची वेळ, ६.१५, पहिला शॉट सातला. साडेनऊपर्यंत ७ शॉट. मैदानातच तर्री पोहे मागवा, सगळ्यांना घेऊन ठेल्यावर जाऊ नका. पोरं एकदा पोह्यांना गेली की तासभर परतत नाहीत. साडेदहाला घर, लाइट, मग १३ शॉट, पाच-सव्वापाचपर्यंत. सहाला सगळे घरी.

इथे मैदान ते घर एकच तास धरला आहे, कारण महालातलं घर आणि जवळचंच रेशीमबागेच्या बाजूचं मैदान निवडलं आहे. लोकेशन निवडताना अंतर पाहिलं तर असा अर्धा-पाऊण तास वाचतो. मैदान हिंगणा रोडला घेतलं असतं तर दुपारचे दोन शॉट गेले असते.

रविवार. पुन्हा ६.१५, मैदानावरचे उरलेले ७ शॉट. त्यानंतर चक्क चार तास सुट्टी. नवख्यांना हे बघवत नाही, पण गल्लीचा सीन दुपारी दोनला ठेवण्याला कारण आहे: रविवारी जेवून गल्ली झोपलेली असते. दोन ते पावणेपाच गल्लीत ८ शॉट. मग घरातला रात्रीचा सीन, ५ शॉट, सव्वापाचला लाइट लावायला सुरुवात, आठ-सव्वाआठला पॅकअप. बाहेर अंधार आपसूक पडलेला असतो, खिडक्यांना काळं कापड लावायची गरज नाही.

पडण्याचा सीन शनिवारी सकाळी आहे. त्यात काकूंना खरंच पाडायचं नाही, हे सांगावं लागू नये पण सांगतो. स्कूटी झुकते, चाक, मातीतला हात, मुलाचा चेहरा, आवाज: एवढ्यावर पडणं दिसतं. गल्लीत स्कूटी चालवणाऱ्याकडे लायसन हवं, आणि कॅमेरामननं दुसऱ्या गाडीवर उलटं बसून शूट करायचं नाही.

लहान मुलं असतील तर त्यांचे सीन दिवसाच्या सुरुवातीला घ्या. बालकलाकारांसाठी नियम आहे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही. कॉलेजच्या फिल्मलाही हीच मर्यादा पाळा. खरं तर दीड तासातच मूल कंटाळतं.

परवानग्यांचं काम सगळ्यात आधी सुरू करा

पंधरा दिवस आधी विभागप्रमुखांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र तयार ठेवा. त्यात फिल्मचं नाव, तारखा, वेळा, ठिकाणं, किती लोक, कोणतं सामान, गाडीचा नंबर आणि ‘शैक्षणिक प्रकल्प’ हे शब्द. ज्या भागात शूट त्या भागाच्या पोलीस ठाण्यात एक प्रत देऊन दुसरीवर पोच घ्या. शूटच्या दिवशी ती पोच प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याच्या खिशात हवी, घरी फाइलमध्ये नको.

मैदान किंवा बाग कोणाची ते आधी शोधा: महापालिकेची, सुधार प्रन्यासची की एखाद्या ट्रस्टची. मालक चुकला तर पंधरा दिवस भलत्या टेबलावर जातात. मेट्रो स्टेशन, रेल्वे स्टेशन आणि जंगल यांच्या परवानग्या वेगळ्या असतात आणि वेळ घेतात. विद्यार्थी फिल्मच्या पहिल्याच शूटला तो नाद करू नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा किल्ल्यावरचा सीन स्क्रिप्टमधूनच काढा. ड्रोनचंही तसंच. आपला विमानतळ शहरातच आहे, वायुसेनेचा तळही, शिवाय सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन आणि हायकोर्ट. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते पाहिल्याशिवाय ड्रोनचं नावही काढू नका. एखाद्या गच्चीवरून मिळणारा उंच शॉट पुष्कळदा पुरतो.

घर नातेवाइकांचं असेल तर तिथेही बोलून घ्या. कोणत्या खोल्या, किती वाजेपर्यंत, स्वयंपाक कधी, घरात कोणाची परीक्षा आहे का. शेजाऱ्यांनाही आदल्या दिवशी सांगा. गल्लीतले आजोबा सकाळी विचारायला आले तर चिडू नका, त्यांना मॉनिटरजवळ खुर्ची द्या. मग तेच बाकीच्यांना गप्प बसवतात, राजेहो.

कॉल शीट

शूटच्या आदल्या दिवशी रात्री आठच्या आत एक पानाची कॉल शीट व्हॉट्सॲपवर गेली पाहिजे. एक पान, पीडीएफ किंवा स्वच्छ फोटो. दहा मेसेजमध्ये तुकड्यातुकड्यांनी नाही. तिच्यात तारीख, लोकेशनचा पिन आणि ओळखीची खूण, सूर्योदय-सूर्यास्त, सीनचे क्रमांक ज्या क्रमानं घ्यायचे त्या क्रमानं, प्रत्येक कलाकाराची यायची वेळ, कपडे, वस्तू, जेवणाची वेळ, दोन फोन नंबर आणि जवळच्या दवाखान्याचं नाव.

सगळ्यांना एकच वेळ देऊ नका. कॅमेरा आणि लाइटवाले ६.१५, काकू ६.३०, ज्याचा पहिला शॉट आठला आहे तो साडेसातला. माणसं रिकामी बसली की गप्पा होतात, गप्पांचा आवाज होतो, आणि साउंडवाला चिडतो. ‘चौकात भेटू’ असं लिहिताना चौकाचा कोणता कोपरा तेही लिहा. शंकरनगर चौकात चार बाजूंना चार जण एकमेकांना फोन करत उभे राहतात, हे नेहमीचं चित्र आहे. पॅकअपची वेळ ठरवताना शेवटची मेट्रो पाहा आणि रात्रीच्या शूटनंतर कोण कोणाला घरी सोडणार ते नावानिशी लिहा.

शूट चालू असताना

शेड्यूल सांभाळणारा माणूस दिग्दर्शक नसावा. असिस्टंट डायरेक्टर म्हणून कोणीतरी एक जण, घड्याळ बघून न लाजता बोलणारा. त्याच्याकडे दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक सीनमधला कोणता शॉट नसला तरी चालेल याची आदल्या रात्री दिग्दर्शकाकडून करून घेतलेली यादी. आणि प्रत्येक शॉट सुरू झाल्याची खरी वेळ लिहायची वही. अकरा वाजता तुम्ही चाळीस मिनिटं मागे असाल तर ते अकराला कळायला हवं, चारला नाही. मागे पडलात तर यादीतले शॉट गाळा, टेक घाईत उरकू नका. आधी मास्टर शॉट, म्हणजे अख्खा सीन एका मोठ्या शॉटमध्ये, काढून ठेवलेला असेल तर एखादा क्लोजअप गेला तरी सीन उभा राहतो.

कार्डांचा हिशेबही शेड्यूलचाच भाग. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर के रेकॉर्डिंग केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सव्वा तास टिकतं. जेवणाच्या सुट्टीत एकानं लॅपटॉपवर कॉपी काढायची, रात्री दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि दोन कॉपी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हे काम करणाऱ्याला त्या वेळात दुसरं काम सांगू नका.

फोटोग्राफीचा प्रोजेक्ट असेल तर

फोटोचं शेड्यूल वेगळ्या स्वभावाचं असतं. इथे कलाकार नसतात, घटना असते, आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक वर्षातून एकदाच, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघते. काळी आणि पिवळी मारबत, बडगे म्हणजे टीकेचे पुतळे, महाल-इतवारीतली गर्दी, सगळं काही तासांत आटोपतं. तेव्हा तयारी आधी करावी लागते: मारबती बनवण्याचं काम चालू असताना आठवडाभर जाऊन बसा, कारागिरांशी ओळख करा, मार्ग पायी फिरून कोणत्या घराच्या गच्चीवर उभं राहता येईल ते विचारून ठेवा. मिरवणुकीच्या दिवशी जागा शोधत फिरणाऱ्याला सगळ्यांच्या पाठी मिळतात.

संत्र्यावर करणार असाल तर बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, पाहा. आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. कळमन्याच्या बाजारात सकाळी लवकर जायचं आणि पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. हमाल, अडत्ये, गाडीवाले यांच्या कामाच्या मध्ये कुठे उभं राहायचं नाही हे आधी कळू द्या. अशा प्रोजेक्टला एक मोठा दिवस ठेवण्यापेक्षा चार-पाच छोट्या सकाळी बऱ्या, कारण पहिल्या सकाळी लोक कॅमेऱ्याकडे बघतात आणि तिसऱ्या सकाळी बघत नाहीत.

पॅच शूटचा दिवस आधीच राखून ठेवा

एडिटला बसलं की काहीतरी राहिलेलं असतंच: दरवाजाची कडी, स्कूटीची किल्ली, काकूंची एक नजर. त्यासाठी मूळ शेड्यूलमध्येच तीन आठवड्यांनंतरचा अर्धा दिवस लिहून ठेवा आणि सगळ्यांना तो आधीच सांगा. डिसेंबरचं शूट असेल तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा रविवार चालतो. उजेड फारसा बदललेला नसतो, सूर्योदय फक्त दहा-बारा मिनिटांनी पुढे सरकतो. घरमालकांना पडदे आणि चादरी तेवढे दिवस बदलू नका म्हणून विनंती करा, नाहीतर जुन्यांचे फोटो काढून ठेवा. स्कूटी विकायला काढलेली नाही ना तेही विचारा. आणि मुलाचं काम करणाऱ्या पोराला बजावून सांगा: पहिला कट बघून होईपर्यंत केस कापायचे नाहीत, दाढीही आहे तशीच ठेवायची, घरात कोणाचं लग्न असलं तरी.